संशोधनासाठी रक्त दिले, मग रिपोर्ट कधी येणार?
ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (डीएमडी) असलेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी

काही महिन्यांपूर्वी एक ताई दवाखान्यात आल्या. सोबत सहा वर्षांचा मुलगा आणि जाडजूड फाइल. मुलगा जिने चढताना गुडघ्यावर हात टेकतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात ठेवत उभा राहतो. दीड वर्षापूर्वी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी डीएमडीची शंका सांगितली होती. त्याच दिवशी एका पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याने मुलाचे आणि आईचे रक्त घेतले होते.

"सर, दीड वर्ष झालं. रिपोर्ट काही आला नाही. आता धाकट्या बहिणीला दिवस गेलेत, नववा आठवडा चालू आहे. तिच्या बाळाला हे होणार का, एवढंच सांगा."

फाइल चाळली. त्यात रक्त दिल्याची पावती नव्हती, सही केलेल्या कागदाची एक प्रत होती. कागद इंग्रजीत होता. त्यात स्पष्ट लिहिले होते की हा नमुना संशोधनासाठी आहे आणि त्याचा रिपोर्ट दिला जाईलच असे नाही. ताईंनी सही केली होती, पण हे वाक्य त्यांना कोणी वाचून दाखवले नव्हते. दीड वर्ष हे कुटुंब न येणाऱ्या रिपोर्टची वाट पाहत होते.

या लेखाचे कारण हाच गोंधळ. आनुवंशिक आजार असलेल्या कुटुंबांना संशोधनासाठी रक्त मागितले जाणे आता नवीन राहिलेले नाही, आणि ते द्यावे असेच माझे मत आहे. पण संशोधनासाठी दिलेले रक्त आणि उपचारासाठी केलेली तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुटुंबाला त्याच दिवशी कळायला हवे.

डीएमडी म्हणजे काय?

आपल्या स्नायूंच्या पेशींना आकुंचन-प्रसरणाचा ताण सहन करायला 'डिस्ट्रॉफिन' नावाचे प्रथिन मदत करते. गाडीतल्या शॉक अॅब्सॉर्बरसारखे त्याचे काम आहे. ते तयार करण्याची कृती डीएमडी नावाच्याच जनुकात लिहिलेली असते. या जनुकात बिघाड असेल तर डिस्ट्रॉफिन तयार होत नाही, स्नायू हळूहळू फाटत जातात आणि त्यांच्या जागी चरबी आणि तंतू येतात.

हा जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलींमध्ये दोन एक्स असतात, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा काम सांभाळतो. मुलांमध्ये एकच एक्स असतो, म्हणून आजार मुख्यतः मुलांना होतो. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो.

पालकांच्या लक्षात येणाऱ्या खुणा अशा:

- मूल उशिरा चालू लागते, वारंवार पडते, धावताना मागे राहते.
- चवड्यावर चालते, पोटऱ्या फुगीर दिसतात.
- जमिनीवरून उठताना मांड्यांचा आधार घेते.

साध्या रक्ततपासणीत सीपीके खूप वाढलेले असते, बहुतेक वेळा सामान्य मर्यादेच्या दसपट किंवा त्याहूनही जास्त. एसजीओटी आणि एसजीपीटी हे आकडेही वाढतात. ते यकृतातून येतात तसे स्नायूंतूनही येतात. त्यामुळे काही मुलांवर महिनोन्महिने 'लिव्हर'चे उपचार होतात आणि खरे कारण बाजूला राहते. लहान मुलाचे हे आकडे वाढलेले असतील आणि मूल वारंवार पडत असेल, तर सीपीके करून घ्या.

हा जनुक एका विद्यार्थ्याच्या संशोधनातून सापडला

संशोधनाला रक्त का द्यायचे, याचे उत्तर याच आजाराच्या इतिहासात आहे.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डीएमडी आईकडून मुलाकडे येतो हे माहीत होते, पण कोणत्या जनुकामुळे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आई वाहक आहे का, हे सीपीकेवरून अंदाजाने ठरवले जाई आणि तो अंदाज अनेकदा चुकत असे.

अमेरिकेत एक मुलगा होता. त्याला डीएमडीसोबत आणखी काही आनुवंशिक आजार होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या एक्स गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गायब दिसला. म्हणजे डीएमडीचा जनुक त्या हरवलेल्या तुकड्यातच असणार. बोस्टनमध्ये डॉ. लुई कुंकेल यांच्या प्रयोगशाळेने एक युक्ती केली. दोन याद्या समोर ठेवून दोन्हीकडे असलेली नावे खोडली, तर एकाच यादीत असलेली नावे उरतात. तसेच त्या मुलाचा डीएनए आणि निरोगी पेशींचा डीएनए एकमेकांशी जुळवून, मुलाकडे नसलेले तुकडे वेगळे काढले.

याच प्रयोगशाळेत अँथनी मोनॅको हा हार्वर्ड विद्यापीठाचा डॉक्टरेटचा विद्यार्थी काम करत होता. त्याच्या संशोधनात असे दिसले की वेगळा काढलेला एक तुकडा डीएमडी असलेल्या इतर काही मुलांमध्येही गायब आहे. मग त्या जागेच्या आजूबाजूचा भाग शोधत १९८६ मध्ये जनुकाचे पहिले भाग सापडले. १९८७ मध्ये त्यातून तयार होणारे प्रथिन ओळखले गेले आणि त्याला 'डिस्ट्रॉफिन' हे नाव मिळाले. या शोधाला दुजोरा देण्यासाठी अनेक देशांतल्या हजाराहून अधिक रुग्णांचे नमुने तपासले गेले.

त्या हजार मुलांपैकी बहुतेकांना त्या वेळी रिपोर्टचा प्रत्यक्ष फायदा झाला नाही. आज आपण काही आठवड्यांत डीएमडीचे पक्के निदान करतो, वाहक स्त्रिया ओळखतो, गर्भातल्या बाळाची तपासणी करतो. ते सगळे त्या कुटुंबांनी दिलेल्या रक्तावर आणि एका विद्यार्थ्याच्या प्रबंधावर उभे आहे. संशोधनासाठी दिलेले रक्त वाया जात नाही. फक्त त्याचा उपयोग आपल्याच मुलाला, आपल्याला हव्या त्या वेळी होईल, असे धरून चालता येत नाही.

पीएच.डी.चा विद्यार्थी नमुन्याचे काय करतो?

माणसाच्या डीएनएमध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरे आणि साधारण २०,००० प्रथिने बनवणारे जनुक असतात. एखाद्या जनुकाचे काम रेणूंच्या पातळीवर समजून घेणे म्हणजे रेणवीय आनुवंशिकी. सगळ्या जनुकांचा एकत्रित अभ्यास म्हणजे जीनोमिक्स. या विषयात पीएच.डी. करणारा विद्यार्थी चार-पाच वर्षे किंवा अधिक काळ, मार्गदर्शकाच्या हाताखाली, एका ठराविक प्रश्नाचे उत्तर शोधत असतो. उदाहरणार्थ, 'ज्यांच्यात नेहमीच्या तपासणीत बिघाड सापडत नाही, त्या मुलांच्या जनुकात नेमके काय आहे?'

तो रक्तातून डीएनए वेगळा करतो. नमुन्यावर नावाऐवजी क्रमांक घालतो. पन्नास किंवा शंभर नमुने जमल्यावर ते एकत्र तपासतो. मधेच यंत्र बंद पडते, रसायने उशिरा येतात, प्रयोग फसतो आणि पुन्हा करावा लागतो. यात विद्यार्थ्याचा हलगर्जीपणा नसतो, संशोधन असेच चालते. तो बहुतेक वेळा उपचार करणारा डॉक्टर नसतो, आणि निदानाचा रिपोर्ट देण्याचा अधिकारही त्याला नसतो.

निदानाची प्रयोगशाळा वेगळ्या शिस्तीने चालते. तिथे नमुना तुमच्या नावाने नोंदला जातो, ठरलेली आणि पारखलेली पद्धत वापरली जाते, ठरलेल्या दिवसांत तज्ज्ञाच्या सहीचा रिपोर्ट मिळतो. शस्त्रक्रिया, औषध किंवा गर्भधारणा याबाबतचा निर्णय फक्त अशाच रिपोर्टवर घ्यायचा असतो. संशोधनात काही महत्त्वाचे सापडले, तरी नवा नमुना घेऊन निदानाच्या प्रयोगशाळेत ते पुन्हा तपासून घ्यावे लागते.

'बदल सापडला' म्हणजे 'आजार सापडला' नव्हे

प्रत्येक माणसाच्या डीएनएमध्ये इतरांपेक्षा वेगळी अशी लाखो अक्षरे असतात. बहुतेक निरुपद्रवी असतात. काही बदलांबाबत अजून ठरवता येत नाही. अशांना रिपोर्टमध्ये 'अनिश्चित अर्थाचा बदल' म्हणतात. त्यावरून निदान करू नये आणि गर्भपातासारखा निर्णय तर कधीच घेऊ नये. पुढे माहिती वाढली की यातले बरेच बदल निरुपद्रवी ठरतात. आपल्या लोकांच्या जीनोमची माहिती कमी असल्यामुळे भारतीय रुग्णांमध्ये हा प्रश्न जास्त येतो. म्हणूनच सुमारे १०,००० भारतीयांचे जीनोम वाचणाऱ्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पाला महत्त्व आहे. त्याची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली.

बिघाड किती मोठा, यापेक्षा तो कुठे आणि कसा, याला डीएमडीमध्ये अर्थ असतो. जनुकातली अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. आपल्या भाषेत पाहू:

अजय सकाळी पळत सुटला.

यातला 'सकाळी' हा पूर्ण शब्द गेला तर उरते 'अजय पळत सुटला'. माहिती कमी झाली, पण वाक्याला अर्थ आहे. आता फक्त 'स' काढा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे वाचा: 'अजय काळीप ळतसु टला'. एकच अक्षर गेले, पण पुढचे सगळे वाक्य निरर्थक झाले.

डीएमडीच्या जनुकात ७९ भाग (एक्सॉन) आहेत. काही भाग गेल्यावरही वाचन जुळत असेल तर थोडे आखूड, पण काम करणारे डिस्ट्रॉफिन तयार होते आणि सौम्य आजार होतो. त्याला बेकर मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हणतात. वाचन बिघडले तर डिस्ट्रॉफिन जवळजवळ तयारच होत नाही आणि ड्यूशेन होतो. हे स्पष्टीकरणही मोनॅको आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडले. या नियमाला अपवाद आहेत, त्यामुळे रिपोर्टसोबत मुलाची तपासणीही महत्त्वाची.

नेमकी कोणती तपासणी करायची?

सीपीके खूप वाढलेले असेल आणि लक्षणे जुळत असतील तर पहिली तपासणी 'एमएलपीए'. जनुकाचा एखादा भाग गायब आहे किंवा दुप्पट झाला आहे का, हे त्यात कळते. दर दहापैकी साधारण सात ते आठ मुलांचे निदान यातच होते. त्यात काही सापडले नाही तर जनुकाची सगळी अक्षरे वाचणारी तपासणी (सिक्वेन्सिंग) करतात. स्नायूचा तुकडा काढण्याची वेळ आता क्वचितच येते.

आई, मावशी, बहीण यांना काय धोका?

सुमारे दोन तृतीयांश मुलांमध्ये बिघाड वाहक आईकडून आलेला असतो. उरलेल्या एक तृतीयांशांमध्ये तो नव्यानेच घडलेला असतो. म्हणून 'आमच्या घराण्यात कोणालाच नाही' हे खरे असू शकते, आणि यात आईचा दोष तर कधीच नसतो. सासरच्या मंडळींनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आई वाहक असेल तर:

- प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी.
- प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी.
- आईच्या बहिणीही वाहक असू शकतात, कारण बिघाड आजीकडून आलेला असू शकतो.

आईच्या रक्तात बिघाड सापडला नाही, तरी तिच्या काही बीजपेशींमध्ये तो असण्याची थोडी शक्यता राहते. म्हणून पुढच्या गरोदरपणात जनुकीय समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. वाहक स्त्रियांनी स्वतःच्या हृदयाचीही अधूनमधून तपासणी करावी, कारण काहींमध्ये हृदयाचे स्नायू कमजोर होतात.

गर्भातल्या बाळाची तपासणी ११ ते १३ व्या आठवड्यात वारेचा अंश घेऊन किंवा सुमारे १६ व्या आठवड्यानंतर गर्भजल घेऊन करता येते. मात्र त्यासाठी घरातला बिघाड नेमका कोणता, हे आधी माहीत असावे लागते. गर्भाचे लिंग सांगणे हा गुन्हा आहे. पण लिंगाशी निगडित आनुवंशिक आजाराच्या निदानासाठी, नोंदणीकृत केंद्रात आणि लेखी संमतीने ही तपासणी करायला कायद्याची परवानगी आहे. त्यामुळे घाबरून किंवा लपून काही करण्याची गरज नाही. गरोदर राहण्यापूर्वीच वाहक तपासणी झाली तर सगळ्यांनाच विचार करायला वेळ मिळतो.

संशोधनासाठी सही करण्यापूर्वी हे विचारा

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्ये संशोधनाची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्यांच्या आधारे तुम्ही निःसंकोच हे प्रश्न विचारू शकता:

१. हे संशोधन आहे की माझ्या मुलाची तपासणी? दोन्ही असेल तर रिपोर्ट कोण देणार, कधी देणार?
२. नैतिकता समितीची मंजुरी आहे का?
३. संमतीपत्र मराठीत आहे का? नसेल तर मला समजेल अशा भाषेत सांगा आणि एक प्रत द्या.
४. काही महत्त्वाचे सापडले तर मला कळवणार का? मला जाणून घ्यायचे नसेल तर?
५. उरलेला नमुना पुढे दुसऱ्या संशोधनासाठी वापरणार का? माहिती कोणाला दिली जाईल?
६. नंतर मन बदलले तर नाव मागे घेता येईल का?
७. पुढे कोणाला फोन करायचा? विद्यार्थी शिकून निघून गेला तर मार्गदर्शक कोण?

शेवटचा प्रश्न विसरू नका. विद्यार्थी पदवी घेऊन जातो, मार्गदर्शक आणि संस्था तिथेच राहतात.

संशोधनासाठीच्या तपासणीचे पैसे तुमच्याकडून घेतले जाऊ नयेत. 'नाही' म्हटले म्हणून उपचारात फरक पडता कामा नये. लहान मुलासाठी पालकांची संमती लागते, आणि सात वर्षांवरील मुलाला त्याच्या समजुतीप्रमाणे सांगून त्याचाही होकार घ्यायचा असतो. सुई त्यालाच टोचणार असते.

उपचार कुठवर आले आहेत?

आजार मुळापासून बरा करणारे औषध आजही नाही. पण 'काहीच करता येत नाही' हे खरे नाही.

- स्टेरॉइडमुळे चालण्याचा काळ वाढतो. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावे आणि कधीही अचानक बंद करू नये.
- निदान झाल्यापासून हृदयाची नियमित तपासणी, पुढे श्वासाची तपासणी.
- रोजचे हलके ताण देणारे व्यायाम, रात्री घोट्याला आधार देणारे स्प्लिंट. दमवणारा व्यायाम नको.
- कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना डीएमडीबद्दल आवर्जून सांगा. भुलेची काही औषधे या मुलांना घातक ठरू शकतात.

बिघडलेले वाचन पुन्हा जुळवणारी 'एक्सॉन स्किपिंग' औषधे अमेरिकेत २०१६ पासून आहेत. ती ठरावीक बिघाड असलेल्या मुलांनाच चालतात आणि त्यांचा फायदा मर्यादित आहे. जनुकीय उपचाराला तिथे २०२३ मध्ये परवानगी मिळाली, पण २०२५ मध्ये यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याचे समोर आल्यावर त्याचा वापर मर्यादित करण्यात आला. घर विकून परदेशी जाण्याचा विचार मनात येत असेल तर आधी तज्ज्ञांशी बोला. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणाखाली ठरवलेल्या उत्कृष्टता केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. मुलाचा आजार आणि बिघाड मदतीच्या निकषांत बसतो का, हे अशा केंद्रात विचारा.

त्या ताईंचे पुढे काय झाले?

मी त्या विद्यार्थ्याला फोन केला. तो आदराने बोलला. मुलाच्या नमुन्यात काहीतरी दिसले होते, पण त्याची खात्री झालेली नव्हती आणि ते लेखी देता येणार नव्हते. त्याचे म्हणणे योग्यच होते. मात्र हे कुटुंबाला दीड वर्षापूर्वी सांगायला हवे होते, हे त्याच्या मार्गदर्शकांनीही मान्य केले.

वेळ कमी होता. म्हणून मुलगा, आई आणि गरोदर मावशी या तिघांचे नवे नमुने एकाच दिवशी निदानाच्या प्रयोगशाळेत पाठवले. बाराव्या आठवड्यात रिपोर्ट आले. मुलाच्या जनुकाचे काही भाग गायब होते. आई वाहक होती. मावशीमध्ये तो बिघाड नव्हता. तिला पुढच्या कोणत्याही तपासणीची गरज पडली नाही.

बहिणीचा रिपोर्ट ऐकून ताई आधी हसल्या, मग स्वतःचा ऐकून बराच वेळ गप्प बसल्या. त्यांना नऊ वर्षांची मुलगीही आहे. ती वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. तिला आजाराची लक्षणे नाहीत, त्यामुळे ती मोठी होऊन स्वतः ठरवेल तेव्हा तिची तपासणी करू, असे आम्ही ठरवले. उठताना ताईंनी विचारले, "त्या पोराच्या अभ्यासाला दिलेलं रक्त परत मागू का?" मी म्हटले, तुमचा हक्क आहे. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "राहू द्या. कोणाच्या तरी कामी येईल."

लक्षात ठेवा

- संशोधनाला रक्त द्या, पण मुलाची निदानाची तपासणी वेगळी आणि लगेच करून घ्या.
- निर्णय फक्त निदानाच्या प्रयोगशाळेच्या सही असलेल्या रिपोर्टवर घ्या.
- घरात डीएमडी असेल तर आई, मावशी, बहीण यांनी गरोदरपणापूर्वीच जनुकीय समुपदेशन घ्यावे.
- संमतीपत्राची प्रत आणि सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा. पुढच्या पिढीला ते लागतील.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. ओळख कळू नये म्हणून कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. आपल्या मुलाबाबत बालरोगतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा जनुकीय तज्ज्ञ यांचा प्रत्यक्ष सल्ला घ्या.)